अठरा अन्नपूर्णा आणि शके १७४४

३ ऑक्टोबर १९७७, सोमवार

आजपासून मी पुरावस्तू नोंदणी कार्यालयात. तहसीलमधून बदली. आई म्हणाली, "नवीन काम हाय तर रोजचं लिहून ठेवत जा, उद्या कोणी विचारलं तर दाखवता येईल." आई शाळेची पायरी चढली नाही, पण कागदाची किंमत तिला बरोबर कळते.

कामाचं स्वरूप असं. ज्याच्या घरी शंभर वर्षांहून जुनी मूर्ती असेल, त्यानं फोटोसकट नोंद करायची. ती देशाबाहेर पाठवायची नाही. पाठवली तर कमीत कमी सहा महिने तुरुंग. टिपणीससाहेबांनी मला समोर बसवून सांगितलं, "पगारे, जगातल्या देशांनी मिळून करार केलाय. एकमेकांच्या देवळातला चोरीचा माल विकत घ्यायचा नाही. यंदा आपणही त्यात सामील झालो. पण करार राहतो दिल्लीच्या कपाटात. तो राबवायचा कायद्यानं, आणि कायदा राबवायचा कोणी? तुम्ही आणि मी!"

छाती फुगली. घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "वीस वर्सं झाली आपण बौद्ध होऊन, घरातले देव गंगेत सोडून. आणि आता तू लोकांचे देव मोजत हिंडणार? घ्या!" आणि इतकी हसली, की तव्यावरची भाकरी करपली.

११ ऑक्टोबर, मंगळवार

पंचवटीत सात घरं फिरलो. नोंदी शून्य. सरकार देव उचलून नेणार अशी बोंब उठली आहे. एक बाई दारात आडव्या उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्याकडे देवबिव काही नाहीत हो," आणि आत घंटी वाजत होती. त्यांच्या यजमानांची पूजा चालली होती. मी म्हटलं, "बरं, पूजा आटपू द्या, मग येतो." त्यांनी दार लावून घेतलं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

आज खरं काम आलं! मुंबई बंदरावर एक पेटी अडवली आहे. जर्मनीला निघालेल्या अठरा पितळी अन्नपूर्णा. कागदावर 'नवीन हस्तकला' असं लिहिलंय, आणि प्रत्येकीच्या बैठकीखाली कोरलंय, 'मंगळू ओतारी, शके १७४४'. म्हणजे इसवी सन १८२२. दीडशे वर्षांपूर्वीच्या मूर्ती नव्या म्हणून बाहेर चालल्या होत्या! व्यापाऱ्यानं हात झटकले. म्हणाला, "मी नाशिकच्या ओताऱ्याकडून घेतल्या, त्याला विचारा." ओताऱ्याचं नाव पुंजाराम, राहणार भांडी बाजाराच्या मागची गल्ली. चौकशी माझ्याकडे.

सोबत अठरा फोटो आलेत. मूर्ती वीतभर, पण तोंडं अशी, की आता काहीतरी बोलतील. एकही दुसरीसारखी नाही. माझ्या हातून मूर्तिचोर सापडणार, या आनंदात मी आज बसमध्ये उभ्यानंच आलो. जागा होती, तरी.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

चोर अडुसष्ट वर्षांचा निघाला. त्यानं मला पाट दिला आणि विचारलं, "आडनाव काय म्हनले सायेब?"

"पगारे."

क्षणभर तो काही बोलला नाही. मला अशा क्षणांची सवय आहे. मग त्याची बायको भागीबाई आतून चहा घेऊन आली. दोघांच्या हातात जसे पेले होते, तसाच पेला मला दिला. चला, म्हटलं, माणसं बरी दिसतात. चोर असली म्हणून काय झालं.

"या मूर्ती कुठून आणल्या?" मी फोटो पुढे केले.

"आनल्या? म्याच केल्यात की!"

"मग साल कसलं हे? मंगळू कोण?"

"माझा खापरपंजा. आमच्या घरात पैल्यांदा भट्टी त्यानं लावली. तवापासून जे वतलं, त्याच्याखाली त्याचंच नाव. देवाच्या पायाशी आपलं नाव घालायचं नाय, सायेब. मानूस मरतो. घर ऱ्हातं."

"आणि साल?"

"ते बी त्याचंच. जसं हाय तसं उतरवायचं. आमाला कुटं वाचता येतंय?"

मी विचारलं, मूर्ती इतक्या काळवंडलेल्या कशा? तर म्हणे, व्यापारी म्हणाला, परदेशी गिऱ्हाइकाला चकाकी नको. म्हणून चिंचेच्या पाण्यात उकळून महिनाभर उकिरड्यात पुरल्या. ऐका! जर्मनीच्या देवघरात नाशिकचा उकिरडा! म्हातारा बशीतून चहा पीत होता. दोन्ही हातांनी धरली तरी बशी हिंदकळत होती. सरकारी माणसाला घाबरला असणार.

"तोंडं इतकी सुरेख कशी काय जमतात?" मी विचारलं.

"ती आपसूक येतात," तो म्हणाला. आत स्वयंपाकघरात भांडं जोरात आदळलं.

२४ ऑक्टोबर, सोमवार

अहवाल दिला. चार पानं. म्हाताऱ्याचं म्हणणं लिहिलं, पण खाली माझं मतही लिहिलं: 'अक्षरांचे वळण जुने दिसते. घडणही जुनी वाटते. ओताऱ्याचे म्हणणे विश्वासार्ह वाटत नाही.' आधी नुसतं म्हणणं लिहून थांबणार होतो. पण मग अहवालात माझं काय राहिलं असतं? टिपणीससाहेब म्हणाले, "वा, पगारे, अभ्यास आहे!" संध्याकाळी आईसाठी जिलबी नेली.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

जिलबी अंगावर आली. मुंबईचं पत्र: 'आपल्या कार्यालयाच्या स्पष्ट अभिप्रायावरून पुंजाराम ओतारी याच्यावर खटला भरण्याचा विचार आहे. तत्पूर्वी तज्ज्ञ डॉ. वैद्य १७ जानेवारीस नाशिकला येऊन पाहणी करतील. मूर्ती आपण घडवल्या असा ओताऱ्याचा दावा असल्यास त्याने तशीच एक मूर्ती त्यांच्यासमोर घडवून दाखवावी.'

स्पष्ट अभिप्राय म्हणजे माझा. तीन वाक्यं. कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला?

दुपारी गल्लीत गेलो. तोंडाशी धोंडाबाई नावाची म्हातारी मेथीच्या जुड्या घेऊन बसते. तिला पाहिलं आणि ओळखीची वाटली. खूप ओळखीची. कुठं पाहिलंय ते काही केल्या आठवेना. मेथी घेतली, ती पण विसरून ओताऱ्याच्या ओट्यावर राहिली.

म्हाताऱ्याला पत्र वाचून दाखवलं. मग सांगूनच टाकलं, "बाबा, हे माझ्यामुळे झालं. वळण जुनं आहे असं मीच लिहिलं."

म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. "जुनं लिवलं? म्हंजे मंगळूच्या हातासारखं?"

"हो."

"ऐकलंस का व भागे! सरकार म्हनतंय मंगळूच्या हातासारखं!" आणि त्या माणसानं माझ्या पाठीवर थाप मारली. सहा महिन्यांचा तुरुंग समोर, आणि याला आनंद! मला रडू येईल की काय असं झालं. भागीबाई दारात येऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सायेब, जरा उजेडाकडं बगा." म्हाताऱ्या माणसाला कमी दिसत असेल. मी उजेडाकडे बघितलं.

४ डिसेंबर, रविवार

सुट्टी असून गेलो. पुंजारामबाबांना म्हटलं, सराव म्हणून एक मूर्ती आत्ता करा, मी बघतो. तर म्हणाले, मेण नाही; आधी मेणाची मूर्ती, मग तिच्यावर माती, मग मेण वितळवून त्या जागी पितळ.

भागीबाई परसात पोत्यावर बसल्या होत्या. मी गेलो तसं त्यांनी मांडीवरचं काहीतरी पदराखाली घेतलं. त्यांच्या बोटांची टोकं भाजलेली दिसली. स्वयंपाकानं अशी भाजतात का, आईला विचारलं पाहिजे.

१८ डिसेंबर, रविवार

मेण आलं. माती नाही. माती आली तर अमावास्या जवळ. अमावास्या गेली तर बाबांना ताप. मी नाडी बघितली, ताप नव्हता. आता माझ्या मनात भलतंच येऊ लागलंय. म्हातारा खोटं तर बोलत नाही ना? मूर्ती खरोखर जुन्याच असतील तर? मग माझा अहवाल बरोबर ठरेल. आणि गंमत बघा, तो बरोबर ठरू नये म्हणून मी रोज जीव टांगून बसलोय.

जाता जाता चिडून बोललोच, "बाबा, तुम्ही करता ना मूर्ती? खरं सांगा."

त्यांनी मान खाली घातली. "वततो मीच," म्हणाले. "पितळ मीच वततो."

हा काय जबाब झाला? हट्टी माणूस आहे. पण निघताना त्यांनी हातात गुळाची ढेप दिली. "आईला द्या. आन् सायेब म्हनवत नाय आता, जयराम म्हनू का?" मी म्हटलं म्हणा. राग टिकवायचा तरी कसा अशा माणसावर?

८ जानेवारी १९७८, रविवार

गुळाची परतफेड म्हणून आई माझ्याबरोबर आली. तिळाचे लाडू घेऊन. ती आणि भागीबाई परसात बसल्या त्या तीन तास. दोघी खो-खो हसत होत्या. मी आणि बाबा ओसरीवर बसून भट्टीची माती चाळत होतो. मध्येच भागीबाईंना आईला म्हणताना ऐकलं, "कलाबाई, जरा मान वळवा. हां, तशीच."

परतताना बसमध्ये आईनं विचारलं, "जयराम, त्या घरात काम कोन करतं?"

"बाबा."

"हं."

द्वारकेचा चौक मागे पडला. शेवटी म्हणाली, "तुला शिकवलं ते फुकट गेलं, पोरा."

मी विचारलं काय झालं, तर खिडकीकडे बघत हसत बसली. तिचं असंच असतं.

१६ जानेवारी, सोमवार

उद्या. माझ्या तीन वाक्यांपायी एक म्हातारा तुरुंगात जाणार. मी नोकरी सोडीन. नाही, नोकरी सोडून त्याचं काय भलं होणार? उद्या डॉ. वैद्यांसमोर सरळ सांगेन की अभिप्राय अज्ञानातून दिला. आई म्हणते, "मी बी येते उद्या." कशाला ते सांगत नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

डॉ. वैद्य म्हणजे बाई निघाल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, खांद्याला पिशवी. टिपणीससाहेब खुर्ची शोधत होते तोवर त्या भट्टीपाशी मांडी घालून बसल्या. गल्ली सगळी दारात जमलेली. आई भागीबाईंजवळ उंबऱ्यात.

मी उठलो आणि पाठ केलेलं बोललो, "बाई, अहवालातला अभिप्राय माझा आहे. मला या विषयातलं काही कळत नाही." टिपणीससाहेबांनी डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "ते कळलं होतं मला. बसा."

बाबांनी मेण शेकोटीवर धरलं. बैठक केली. पाय दुमडले, धड उभं केलं, हातात पळी दिली. ओबडधोबड, पण रूप येत होतं. मग डोकं. सुपारीएवढा मेणाचा गोळा. बांबूची काडी हातात घेतली आणि हात थरथरायला लागला. काडी गालात घुसली. पुन्हा गोळा केला. पुन्हा घुसली. कोणी हसलं नाही, पण सगळ्यांचा श्वास ऐकू येत होता. तिसऱ्यांदा काडी खाली पडली. बाबांनी ती उचलली नाही.

टिपणीससाहेब हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "संपलं, पगारे." मला बाबांकडे बघवेना.

बाबांनी मान वर केली. मग गल्लीकडे बघितलं, सगळ्या ओळखीच्या तोंडांकडे. आणि पाटावरून उठले.

"भागे," म्हणाले, "बस हितं."

"अवं, लोक..." भागीबाई पुटपुटल्या.

"बसू दे लोकांना. तू बस."

ओताऱ्याच्या पाटावर बाई! दारातून कुजबुज उठली. कोणीतरी "अरे पुंजाराम!" म्हणालं. त्या पाटावर त्या घरातली बाई कधी बसली नव्हती म्हणे, मंगळूपासून. भागीबाईंनी पदर खोचला आणि बसल्या. गोळा घेतला. दोन बोटं, एक काडी, अंगठ्याचं नख. दहा मिनिटं. खाली मान घालून, घरी तांदूळ निवडावेत तशा.

मग गोळा धडावर बसवून मूर्ती वैद्यबाईंसमोर ठेवली. बाईंनी चष्मा वर केला. मूर्तीकडे बघितलं, मग उंबऱ्याकडे. परत मूर्तीकडे. मीही उंबऱ्याकडे बघितलं.

आई! मेणात माझी आई! तिचं ते आखूड नाक, चिडवायच्या आधी एका बाजूला जाणारा ओठ, सगळं.

"अगं बाई," आई ओरडली, "मला देवी केलंस काय व! आमी देव मानत नाय!"

"देवी नाय व," भागीबाई म्हणाल्या. "जेवू घालनारी बाई केली. ती काय कुनाची बी आई असती."

आणि तेव्हा, देवा रे, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोटो! मी पिशवीतून फोटो काढले. सात नंबर. तसाच पळत गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि धोंडाबाईला मेथीच्या जुडीसकट हाताला धरून आणलं. फोटो तिच्या गालाला लावून उभा राहिलो. वैद्यबाई हसायलाच लागल्या. अकरा नंबर समोरच्या बोळातली कुसाबाई. तीन नंबर पाणी भरणारी नवसाबाई. ती दारातच उभी होती, लाजून पळाली. दीडशे वर्षांपूर्वीच्या अन्नपूर्णा गल्लीत एकेक करून सापडत गेल्या.

"बाबा, आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं. आवाज चढलाच माझा.

"काय सांगू? हात थरथरतात म्हनून नाय रे जयराम. लग्नाच्या तिसऱ्या वर्सापासून समदी तोंडं हिचीच. मी केली ती समदी मामलेदारासारखी दिसायची. पन भट्टीवर बाई बसली हे कळलं असतं, तर गल्लीनं देव घेतले नसते. माझं नाव गेलं असतं." मग म्हणाले, "मला वाटलं, तुरुंग बरा."

भागीबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मी मान फिरवली. बेचाळीस वर्षांचा संसार. आपण बघू नये.

वैद्यबाईंनी विचारलं, "आजी, खाली नाव कोण घालतं?"

"मीच की. ती येलबुट्टी."

"वेलबुट्टी नाही हो, अक्षरं आहेत ती."

"असतील. सासूबाईंनी जशी दाखवली तशी काढते." त्या माऊलीला आजवर ठाऊक नव्हतं की ती काय लिहितेय. आणि मी लिहिलं होतं, अक्षरांचं वळण जुनं!

२० जानेवारी, शुक्रवार

टिपणीससाहेबांनी मला नवा अहवाल लिहायला बसवलं. एक पान. माझं मत कुठेही नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

मुंबईचा हुकूम आला. अठराही मूर्ती नवीन ठरल्या, पेटी सोडली, खटला नाही. एक अट: यापुढे परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मूर्तीखाली खरं साल आणि घडवणाऱ्याचं खरं नाव असलं पाहिजे. आधी म्हटलं, झालं, बाबा आता अडून बसणार. देवाच्या पायाशी आपलं नाव घालायचं नाही! साडेतीनशे शब्दांची समजूत मनात तयार करून गेलो. कायदा, करार, जगातले देश, सगळं.

मी हुकूम वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "खरं नाव म्हंजे जिनं केलं तिचं?"

"हो. पण बाबा, तुमचा रिवाज..."

"रिवाज असा, की आपलं नाव घालायचं नाय. माझं नकोच. तिचं घाला." आणि भट्टी पेटवायला उठले. माझे साडेतीनशे शब्द पोटातच राहिले.

मी पाटीवर ठळक लिहिलं: भागीबाई ओतारी, १९७८. त्यांनी विचारलं, "यातलं माझं कंचं?" मी पहिल्या शब्दावर बोट फिरवलं. त्यांनीही फिरवलं, माझ्या बोटामागून.

मग मेणाची बैठक मांडीवर घेतली. पहिलं अक्षर काढलं, पुसलं. परत काढलं. भ ची गाठ जमेना. मी म्हटलं, चालेल आजी, वाचता येतंय. तर म्हणाल्या, "वाकडं हाय." परत पुसलं. बाबांनी उठून चहा केला. त्यांच्या हातून तो अर्धा शेगडीतच सांडला, तरी त्यांनी तिघांना दिला. भागीबाईंचा पेला तसाच निवला. ऊन परसातून भिंतीवर चढलं, तरी त्या वाकूनच होत्या, आणि आम्ही दोघे बघत होतो.

देवीचं तोंड करायला त्यांना दहा मिनिटं लागली होती. स्वतःचं नाव लिहायला अख्खी दुपार गेली.